वळणावर कळते ती गाडी

मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकमुळे कार्टिंग हा खेळ कोल्हापुरात नवा राहिलेला नाही. भाड्याने मिळणाऱ्या साध्या गो-कार्टला छप्पर नसते, दारे नसतात, स्प्रिंग तर मुळीच नसतात. इंजिन स्कूटरपेक्षा थोडेसे मोठे, आणि वेग असा की पुणे-बंगळूर महामार्गावरची कोणतीही कार सहज पुढे निघून जाईल. तरीही चार फेऱ्या मारून उतरणारा खुशीत असतो आणि महामार्गावर ताशी शंभराने तीन तास गाडी हाकणारा जांभया देत असतो.

मजा वेगात असती, तर उलटे व्हायला हवे होते. कार्ट हलकी असते, जमिनीला टेकलेली असते आणि स्टीअरिंग बोटभर फिरवले की तेवढीच वळते. चालकाने मागितले आणि गाडीने लगेच, तितक्याच मापात दिले, शिवाय टायरखाली काय चालले आहे ते हाताला आणि पाठीला कळवले, की चालवण्यात मजा येते. घरच्या गाडीत हे सगळे मिळत नाही, कारण तिला पाच माणसे, दोन बॅगा, पावसाळ्यातले खड्डे आणि मागच्या सीटवरची आजी सांभाळायची असते. आठ ते पंधरा लाखांच्या खर्चात या दोन गरजांचा मेळ कुठवर बसतो, हे गाडीच्या एकेका अंगाकडे पाहिले की उलगडते.

कागदावरची ताकद आणि चढावरची ओढ

माहितीपत्रकात पहिला आकडा अश्वशक्तीचा असतो. त्याच्या शेजारी न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क दिलेला असतो आणि तो बहुतेक जण वाचत नाहीत. टॉर्क म्हणजे इंजिनाने दांडा पिळण्याचा जोर, आणि तोच जोर मिनिटाला किती फेऱ्यांच्या गतीने लावला जातो, त्यावरून अश्वशक्ती ठरते. महामार्गावरचा सर्वाधिक वेग अश्वशक्ती ठरवते. चढावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की रडते, हे मात्र कमी फेऱ्यांना टॉर्क किती मिळतो यावर अवलंबून असते.

कोल्हापूरकराला याच दुसऱ्या गोष्टीशी काम पडते. शहरातून पश्चिमेला निघाले की आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा नाहीतर आंबोली, यांपैकी एखादा घाट लागतोच. तिथे गाडी ताशी २५ ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात असते आणि इंजिन दीड ते तीन हजार फेऱ्यांवर. इंजिनाचा सगळा जोर सहा हजार फेऱ्यांना मिळत असेल, तर त्याचा घाटात काडीचा उपयोग नाही.

मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ८२ अश्वशक्ती देते आणि त्याचा सुमारे ११२ न्यूटन-मीटर टॉर्क ४,३०० फेऱ्यांना पूर्ण मिळतो. स्कोडा कायलॅकचे इंजिन आकाराने लहान, एकाच लिटरचे, पण त्याला टर्बो आहे. ते ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर देते, आणि हा टॉर्क १,७५० फेऱ्यांपासूनच हाती येतो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो, म्हणून जास्तीचे इंधन जाळता येते. मात्र धुराचा झोत पुरेसा नसेल, तर पंखा नीट फिरत नाही. म्हणून टर्बो गाडी दीड हजार फेऱ्यांच्या खाली मलूल वाटते. तीव्र वळणावर तिसऱ्या गिअरमध्येच गेलात तर ती क्षणभर दम खाते आणि मग एकदम झेप घेते. वळणाआधी दुसरा गिअर टाकण्याची सवय असलेल्याला ही अडचण जाणवतही नाही.

घरचे बसले की बदलणारे गणित

गाडीला नुसत्या ताकदीवर जोखण्यापेक्षा वजनाच्या मानाने किती ताकद आहे, ते पाहावे. रिकामी स्विफ्ट सुमारे ९२० किलोची आहे, म्हणजे टनामागे ८९ अश्वशक्ती. कायलॅक सव्वा टनाच्या घरात जाते, म्हणजे टनामागे ९२. एकट्याने चालवताना दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच चपळ का वाटतात, ते यावरून समजते. आता पाच माणसे आणि सामान मिळून ४०० किलो चढवा. स्विफ्टचा आकडा ६२ वर येतो, कायलॅकचा ७० वर. गाडी जितकी हलकी, तितका बसलेल्या माणसांचा भार तिला जास्त जाणवतो.

शोरूममधून एकट्याने चालवून पाहिलेली छोटी गाडी पसंत पडते आणि पहिल्याच कोकण सहलीत परतीच्या चढावर निराश करते, त्याचे कारण हेच. घरात चौघे-पाच असतील आणि सगळे मिळून वारंवार प्रवास करत असतील, तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेल इंजिन हा चैनीचा खर्च ठरत नाही. आठवड्यातले सहा दिवस एकटा माणूस राजारामपुरी ते शिरोली ये-जा करणार असेल, तर हलकी, साधी पेट्रोल गाडी जास्त आनंद देईल आणि पैसेही वाचवील.

गाळप हंगामात याची परीक्षा सपाट रस्त्यावरही होते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे टाकायचा, तर विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात शक्य तितका कमी वेळ राहावे लागते. तिथे शून्य ते शंभरचा जाहिरातीतला आकडा कामाचा नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ७० पर्यंत गाडी किती झटकन जाते, ते मोजावे. ओढ चांगली असलेली गाडी इथे मजेची कमी आणि सुरक्षिततेची जास्त बाब ठरते.

पैलवानाचा पवित्रा

गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत कुस्ती पाहणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पैलवान गुडघ्यात वाकून, पाय फाकवून उभा राहतो, कारण ताठ उभ्या माणसाला आडवा करणे सोपे असते. वजनाचा मध्य खाली आणि पायांमधले अंतर जास्त, की उलथवणे अवघड. गाडीचेही तसेच आहे. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर कलते. हा कल वजनाच्या मध्याची उंची जितकी जास्त आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर जितके कमी, तितका वाढतो. आतली चाके हलकी पडतात, त्यांची पकड सुटत जाते आणि सगळे काम बाहेरच्या दोन टायरांना करावे लागते.

त्यामुळे सारख्याच इंजिनाची बुटकी हॅचबॅक किंवा सेडान वळणावर उंच एसयूव्हीपेक्षा नेहमीच स्थिर वाटते. उंचीचे फायदे खोटे नाहीत. नेक्सॉन या एसयूव्हीची जमिनीपासूनची उंची २०८ मिलिमीटर आहे, स्विफ्टची १६३. गावाकडच्या रस्त्यावरचे बेढब गतिरोधक आणि शेताकडे जाणारी चाकोरी यांसाठी हा फरक मोलाचा आहे. पण शहरात राहून डांबरी रस्त्यानेच फिरणाऱ्याने केवळ रुबाबासाठी उंच गाडी घेतली, तर वळणावरची मजा त्याने आपल्या हाताने घालवली असे म्हणावे लागेल. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेडान असूनही जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंच आहेत. मधला मार्ग असतो तो असा.

वेगाचा हिशेबही इथेच लक्षात घ्यावा. वळणावर गाडीला आत ओढून धरण्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसने घेतलेले वळण पन्नासने घेतले, तर वेग पाव पट वाढतो, पण टायरांवरचा भार ५६ टक्क्यांनी वाढतो. दहा किलोमीटर जास्त म्हणजे किरकोळ, हा समज पावसात महागात पडतो. या किमतीच्या टप्प्यातल्या जवळपास सगळ्या गाड्यांची पुढची चाकेच गाडी ओढतात आणि वळवतातही. टायरची पकड मर्यादित असल्याने वळणात जोरात ॲक्सिलरेटर दाबला, की पुढचा भाग वळणाबाहेर सरकू लागतो. तेव्हा ईएससी ही यंत्रणा नेमके एक चाक आपोआप रोखून गाडी सरळ करते. २०२४ च्या स्विफ्टमध्ये आणि कायलॅकमध्ये ती सगळ्याच प्रकारांत सहा एअरबॅगांसह मिळते. ईएससी नसलेला स्वस्त प्रकार कोकणात जाणाऱ्याने घेऊच नये.

स्प्रिंग, शॉकअप आणि गाडी लागणे

मऊ गाडी आरामाची आणि कडक गाडी मजेची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. स्प्रिंगचे काम धक्का पोटात घेण्याचे. पण दाबलेली स्प्रिंग सुटली की वर उसळते आणि पुन्हा दबते. ही उसळी मोडण्याचे काम शॉकअपचे असते. त्याच्या नळीतले तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरते. स्प्रिंग मऊ आणि शॉकअपही ढिले असेल, तर गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डुलते आणि वळणानंतर सरळ व्हायला वेळ घेते.

हे डुलणे घरच्यांना नेमके नडते. गाडी लागण्याचे मूळ कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात आहे. कान सांगतो की शरीर हलते आहे. मोबाइलमध्ये किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीने मळमळ सुरू होते. सगळ्यात जास्त त्रास देते ती संथ हालचाल, म्हणजे साधारण पाच सेकंदांतून एकदा होणारे हेलकावे. करूळ घाटातली एकामागून एक वळणे मऊ गाडीत घेतली, की हेलकाव्यांचा ताल बहुतेक असाच पडतो. खड्ड्यांचे झटपट धक्के हाडे खिळखिळी करतील, पण उलटी सहसा होत नाही.

म्हणजे ज्या गुणामुळे चालकाला गाडी पक्की वाटते, तोच गुण मागे बसलेल्याचे पोटही सांभाळतो. स्प्रिंग माफक कडक आणि शॉकअप नेमके जुळवलेले असलेली गाडी एका झटक्यात कलते, तिथेच स्थिरावते आणि एका झटक्यात सरळ होते. चालकाला स्वतःला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच माहीत असते. मागच्यांना ते माहीत नसते. म्हणून ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर आणि सावकाश दाबणारा, वळणात एकसारखा वेग ठेवणारा चालक घाट लवकर पार करतो आणि पिशव्याही लागू देत नाही. घाटात शर्यतीचा आव आणणाऱ्याला चालवण्यातले कौशल्य समजलेलेच नसते.

टायर: चार तळव्यांएवढी जमीन

सव्वा टनाची गाडी रस्त्याला जिथे टेकते, ती जागा टायरमागे हाताच्या तळव्याएवढी असते. ओढणे, वळणे, थांबणे हे सगळे तिथूनच होते. म्हणून जुन्या गाडीत हजारो रुपयांची म्युझिक सिस्टीम बसवण्यापेक्षा चांगल्या टायरांवर केलेला खर्च चालवण्याचा अनुभव जास्त बदलतो.

| चौकट: टायरवरचे आकडे |
|---|
| १८५/६५ आर१५ असे लिहिलेले असेल, तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आहे. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मधला आकडा जितका लहान, तितकी भिंत बुटकी. बुटकी भिंत वळणावर कमी वाकते, म्हणून स्टीअरिंग तल्लख वाटते. पण खड्ड्याचा मार सरळ रिमवर बसतो. बाजूला कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. |

वरच्या प्रकारातली मोठी मिश्रधातूची चाके फोटोत छान दिसतात. गगनबावड्याच्या पावसानंतरच्या रस्त्यांवर मात्र एक इंच लहान रिम आणि जाड भिंतीचा टायर शहाणपणाचा ठरतो. मजेत थोडीच घट होते, खर्चात बरीच.

गिअर आणि उतार

मॅन्युअल गिअरमध्ये सगळे काही चालकाच्या हातात असते आणि पैसेही कमी लागतात. ज्याला चालवण्याचा नाद आहे, त्याच्यासाठी ती आजही पहिली निवड. घरात दोघे-तिघे चालवणारे असतील आणि शहरातल्या गर्दीचा कंटाळा येत असेल, तर ऑटोमॅटिकचे प्रकार समजून घ्यावेत. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. ती स्वस्त आहे, मायलेजही चांगले देते, पण गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते, त्यामुळे बदल मऊसूत होतो. घरच्या गाडीला तो सगळ्यात साजेसा. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणात होतो आणि मजा भरपूर. पण चढावर मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत त्याचे क्लच तापतात.

उताराचा नियम सगळ्यांना एकच आहे. ट्रकचालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळपास बंद होते आणि पिस्टनना हवा ओढायला जोर लावावा लागतो. हा अडसर चाकांना मागे धरतो, आणि गिअर खालचा असेल तर जास्तच. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास डिस्क तापते, पॅडची पकड कमी होते आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जाते. म्हणून ऑटोमॅटिक घेताना हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय आहे का, ते जरूर पाहावे.

इंधन

डिझेलला कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ असते. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओचे दीड लिटरचे डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर देते. भरलेल्या गाडीने आंबा घाट चढताना त्याची बरोबरी पेट्रोल क्वचितच करील. पण बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला सलग, वेगात चालणे लागते. महाद्वार रोड ते रंकाळा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. महिन्याला पुण्याला दोन-तीन फेऱ्या नसतील, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

सीएनजीवर इंधन खर्च वाचतो, पण मजेचा विषय संपतो. स्विफ्टचे तेच इंजिन सीएनजीवर ७० अश्वशक्तीपर्यंत उतरते आणि डिकीतली जागा टाकी खाते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यात या जिल्ह्यातल्या उसाचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. मायलेजची अपेक्षा ठेवताना हे लक्षात असावे. विजेच्या गाडीत टॉर्क शून्य फेऱ्यांपासूनच मिळतो आणि घाट उतरताना बॅटरी थोडी भरतेही. बॅटरीचे वजन तळाला असल्याने ती स्थिरही असते, फक्त जड असल्याचे वळणावर कळते.

चार मीटरची मेख

अनेक गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास लांब का असतात, याचे उत्तर करात आहे. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी लहान मानली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, मोठीवर ४० टक्के. त्यामुळे इंजिन लहान ठेवून टर्बोने जोर वाढवण्याकडे कंपन्यांचा कल असतो.

याशिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर आणि डिझेलला १३ टक्के लागतो. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला एमएच-०९ ची पाटी लागेपर्यंत ९९ हजार रुपये यातच जातात, विमा वेगळा. सनरूफ आणि मोठा पडदा असलेल्या वरच्या प्रकारापेक्षा मधल्या प्रकारातले दमदार इंजिन निवडले, तर त्याच पैशात चालवण्याची मजा जास्त मिळते.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर रसिकांना मेजवानी आहे. चाकणला तयार झालेली आणि २०२२ मध्ये बंद झालेली पोलो, रांजणगावची फियाट पुंटो, भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२१ मध्ये करणाऱ्या फोर्डची फिगो यांची वळणावरची पकड अजूनही नावाजली जाते. मात्र बंद झालेल्या गाड्या सुट्या भागांची आधी चौकशी करूनच घ्याव्यात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाहनांचे भाग ओतणारे आणि घडवणारे कुशल हात आहेत, त्यामुळे इथे जाणत्या मेकॅनिकचा सल्ला मिळणे अवघड नाही. दुसरी खबरदारी पुराची. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात अनेक वाहने बुडाली. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, गालिच्याखालचा गाळ, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा पाण्याचा डाग आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

कोणी काय घ्यावे

बहुतेक वेळ एकटा किंवा दोघे, आणि खर्च हात राखून, असे असेल तर मॅन्युअल स्विफ्ट. चालवण्याचा शौक जास्त आणि मागे बसणारे तरुण असतील, तर ह्युंदाई आय२० एन लाइन. तिचे १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन चपळ आहे आणि सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक. चौघांचे कुटुंब, खराब रस्ते आणि दर महिन्याला घाट असेल, तर कायलॅक किंवा ३एक्सओ. पंधरा लाखांपर्यंत जाता येत असेल आणि उंच बसण्याचा हट्ट नसेल, तर एक लिटर टर्बोची व्हर्टस किंवा स्लाव्हिया. वळणावरची स्थिरता आणि मागच्या सीटचा आराम यांचा इतका चांगला मेळ या पैशात दुसरीकडे अवघड.

शेवटचा निर्णय शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये. चाचणीची गाडी घरच्यांना मागे बसवून, शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरून वाघबीळच्या वळणांनी पन्हाळ्याच्या चढापर्यंत न्यावी आणि तशीच उतरून यावे. जाताना ओढ आणि गिअर कळतील, येताना ब्रेक, आणि मागच्या सीटवरचा शेरा फुकट मिळेल. एवढ्या अंतरासाठी गाडी द्यायला विक्रेता तयार नसेल, तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जावे.